शिकागो ते चौरंगी : टेडी वेदरफर्ड यांचा स्वरप्रवास

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, २५ एप्रिल १९४५ रोजी, कलकत्त्यात एका अमेरिकी पियानोवादकाचे पटकीने निधन झाले. त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात ज्यांच्या वाद्यवृंदाच्या तालावर गोऱ्या साहेबांपासून बंगाली जमीनदारांपर्यंत आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांपासून अमेरिकी सैनिकांपर्यंत सारे थिरकत होते, ते टेडी वेदरफर्ड गेले, आणि जाझ संगीताच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला पुढे जेमतेम तळटीपेपुरती जागा आली. लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलेला आणि अर्ल हाईन्स यांच्यासारख्या थोर वादकावर छाप पाडलेला हा कलावंत आयुष्याची शेवटची वर्षे भारतात का राहिला, याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांच्या जन्मगावापासूनच सुरुवात करावी लागते.

वेदरफर्ड यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या पोकाहोंटास या कोळसा खाणींच्या गावी झाला. बालपण जवळच्याच ब्लूफिल्ड या रेल्वेच्या गावात गेले. कोळशाची धूळ आणि मालगाड्यांचा खडखडाट यांच्या सोबतीने वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास न्यू ऑर्लिन्सला आला. जाझचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या या शहरात १९१५ ते १९२० या काळात तो पियानो शिकला. त्यानंतर दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीयांनी जी वाट धरली तीच त्यानेही धरली आणि उत्तरेकडील शिकागो गाठले.

शिकागोतील व्हेंडोम हे मूकपटांचे चित्रगृह होते. आपल्याकडे मूकपटाच्या पडद्याखाली पेटी-तबलावाले बसत, तसा व्हेंडोममध्ये एर्स्किन टेट यांचा भरभक्कम वाद्यवृंद बसे. फरक एवढाच की अनेक प्रेक्षक चित्रपटापेक्षा वादन ऐकण्यासाठीच तिकीट काढीत. आधी एखादी अभिजात पाश्चात्य रचना, मग पडद्यावरील प्रसंगांना साथ, आणि मधूनच जाझचा झंझावात असा तो कार्यक्रम असे. डिसेंबर १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या वाद्यवृंदात दाखल झाले. पियानोवर वेदरफर्ड होते. २८ मे १९२६ रोजी टेट यांच्या वाद्यवृंदाने दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीत आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटखाली जो पियानो धावताना ऐकू येतो, तो वेदरफर्ड यांचा. कृष्णवर्णीय शिकागोत त्या वेळी पहिल्या क्रमांकाचा पियानोवादक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाई. पिट्सबर्गकडून आलेले तरुण अर्ल हाईन्स त्यांचे वादन कान देऊन ऐकत असत.

त्यांची शैली ‘स्ट्राइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातली होती. या शैलीत डावा हात खर्जातील स्वर आणि मधल्या सप्तकातील स्वरसमूह यांच्यात सतत ये-जा करीत लय धरून ठेवतो. डग्ग्याचे आणि साथीच्या पेटीचे काम एकाच हाताने करण्याजोगाच हा प्रकार आहे. त्यामुळे उजवा हात मोकळा राहतो आणि त्याला वाटेल तशी फिरत घेता येते. वेदरफर्ड देहाने धिप्पाड होते, त्यांचे वादनही तसेच दणकट आणि भरदार होते.

आर्मस्ट्राँग यांच्याबरोबरचे ते ध्वनिमुद्रण झाले त्याच वर्षी वेदरफर्ड यांनी अमेरिका सोडली. ढोलवादक जॅक कार्टर आशियाच्या दौऱ्यासाठी वाद्यवृंद जमवीत होते आणि वेदरफर्ड त्यांच्याबरोबर जहाजात बसले. वयाच्या बाविसाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याला वळण देणारा ठरला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, आर्मस्ट्राँग आणि हाईन्स यांनी मिळून जी ध्वनिमुद्रणे केली ती जाझच्या इतिहासातील मैलाचे दगड मानली जातात. त्याच वर्षाच्या अखेरीस हाईन्स यांनी शिकागोत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि पुढच्या पिढीचे पियानोवादक त्यांचा आदर्श मानू लागले. वेदरफर्ड शिकागोतच थांबले असते तर ती खुर्ची कोणाकडे गेली असती, हा प्रश्न जाझचे अभ्यासक अधूनमधून विचारतात. मात्र हा प्रश्न न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजूने पाहणाऱ्याचा आहे. ज्या देशात कृष्णवर्णीय वादकांची संघटनासुद्धा गोऱ्यांहून वेगळी होती आणि दक्षिणेत दौऱ्यावर गेल्यास रात्री मुक्कामाला हॉटेल मिळत नसे, त्या देशातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आपण काही गमावतो आहोत असे वाटले असेलच, असे मानण्याचे कारण नाही.

शांघायने त्यांना जे दिले ते मायदेशाने कधीच दिले नसते. परकीय सत्तांच्या वसाहतींमध्ये विभागलेल्या त्या शहरात नाचघरांची रेलचेल होती आणि अस्सल अमेरिकी जाझला तोंडाला येईल ती किंमत होती. कार्टर यांच्या संचात गायिका व ट्रम्पेटवादक व्हॅलेडा स्नो याही होत्या. संच पांगला तरी वेदरफर्ड तिथेच राहिले आणि काही वर्षांतच शहराच्या रात्रींचे अनभिषिक्त राजे झाले. एकाच रात्री चार-चार नाचघरांत ते हजेरी लावीत. एका ठिकाणी बैठक संपली की गाडीत बसून दुसरीकडे जात. १९३३ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघातून परतताना कवी लँग्स्टन ह्यूज शांघायला उतरले, तेव्हा त्यांना शहर दाखवले ते वेदरफर्ड यांनीच. ह्यूज यांनी पुढे आत्मचरित्रात त्याची नोंद केली आहे.

१९३४ मध्ये वेदरफर्ड थोड्या दिवसांसाठी अमेरिकेला गेले, तेही माणसे आणण्यासाठी. कॅलिफोर्नियात बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा वाद्यवृंद त्यांनी हेरला आणि शांघायमधील कॅनिड्रोम या आलिशान नाचघरासाठी तो करारबद्ध करून आणला. कॅनिड्रोम म्हणजे मुळात कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान, त्याला जोडून हे नाचघर. वर्णभेदापासून दूर आल्याच्या समजुतीला येथे तडा गेला. एका गोऱ्या अमेरिकी माणसाने कुरापत काढली, हाणामारी झाली आणि काम गेले ते क्लेटन यांच्या संचाचे. क्लेटन १९३६ मध्ये अमेरिकेला परतले आणि लवकरच काउंट बेसी यांच्या विख्यात वाद्यवृंदाचे आधारस्तंभ बनले. त्यांना आशियात आणणारे वेदरफर्ड मात्र मायदेशी परतले नाहीत. त्यांनी मुंबईची वाट धरली.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि वेदरफर्ड यांचे जन्मवर्ष एकच, १९०३. ताजच्या नृत्यगृहात कृष्णवर्णीय अमेरिकी जाझ आणण्याचे श्रेय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांना जाते. त्यांचा संच १९३५ च्या अखेरीस मुंबईत आला. त्यातील कॉर्नेटवादक विल्यम स्मिथ यांना सारे ‘क्रिकेट’ म्हणत. मुंबईसारख्या क्रिकेटवेड्या शहराला हे नाव किती गोड वाटले असेल याची कल्पना करता येते. स्मिथ हे बुजुर्ग होते, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून ध्वनिमुद्रणे केलेले. ॲबी गेल्यावर त्यांनी स्वतःचा संच उभारला आणि वेदरफर्ड त्यात पियानोवर बसले. सॅक्सोफोनवर रॉय बटलर होते. क्लॅरिनेटवादक रुडी जॅक्सन कधीकाळी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात होते. एका गाजलेल्या धुनेच्या मालकीवरून वाद झाल्याने त्यांना तिथून बाहेर पडावे लागले होते. पुढे या संचाची सूत्रे वेदरफर्ड यांच्याकडे आली.

मुंबईत या मंडळींना ऐकणाऱ्यांत गोमंतकीय वादक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही मुले पुढे नोकरीच्या शोधात मुंबईला येत, धोबीतलावच्या कूडांत राहत आणि हॉटेलांतून, चित्रगृहांतून, संस्थानिकांच्या बँडमधून वाजवीत. समोर ठेवलेला कागद ते अचूक वाचत. कागद बाजूला ठेवून जागच्या जागी स्वररचना फुलवणे मात्र त्यांच्या शिक्षणात बसणारे नव्हते. रागसंगीत ऐकणाऱ्याला ज्यात काही नवल वाटणार नाही, ते या वादकांना अमेरिकेतून आलेल्या पाहुण्यांकडून घ्यावे लागले. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड हे त्या पिढीतलेच. फर्नांड यांनी पुढे साठच्या दशकात ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांनी आर्मस्ट्राँग यांची ढब इतकी आत्मसात केली की मुंबईत ते त्याच ओळखीने वावरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांना हाताशी हे चिक चॉकलेट लाभले. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादांच्या नाचामागे जो बँड दिसतो तो त्यांचाच. वेदरफर्ड यांनी हिंदी चित्रपटासाठी काही केले नाही. ज्या वादकांच्या कानांवर त्यांचा पियानो पडला होता, ते मात्र पुढे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रण कक्षांत जाऊन बसले.

१९३७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या उन्हाळ्यात वेदरफर्ड तिथे गेले आणि जूनमध्ये त्यांनी एकट्याने पियानोवादनाची काही ध्वनिमुद्रणे केली. नुकत्याच सुरू झालेल्या ‘स्विंग’ या जाझला वाहिलेल्या कंपनीने ती काढली. साथीला कोणी नसताना त्यांचा हात कसा चाले, हे समजण्याचा तो सर्वांत स्पष्ट पुरावा. युरोपात राहण्याची संधी समोर असतानाही ते पूर्वेकडेच परतले. इकडे ऑगस्टमध्ये शांघायवर जपानी बॉम्ब पडू लागले आणि त्यांच्या तारुण्यातले ते शहर संपले. मुंबई, कोलंबो आणि अखेर कलकत्ता अशी त्यांची पुढची मजल झाली.

कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल काही वर्षांपूर्वी विषमज्वराच्या साथीने बंद पडले होते. मोहनसिंग ओबेरॉय यांनी ते चालवायला घेतले आणि महायुद्धाने त्याचे नशीब फळफळले. जपानविरोधी आघाडीचा पिछाडीचा तळ म्हणून शहर सैनिकांनी भरून गेले. जपान्यांपुढून हटत आलेल्या बर्मातील निर्वासितांत कसलेले वादकही होते. क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट हे त्यांतले. नेपाळी वंशाचे ट्रम्पेटवादक पुष्कर बहादूर, ऊर्फ जॉर्ज बँक्स, हेही वेदरफर्ड यांच्या संचात आले. बँक्स यांनी पुढे आपल्या मुलाचे नाव आर्मस्ट्राँग यांच्या नावावरून लुई ठेवले. तेच आजचे ज्येष्ठ पियानोवादक लुई बँक्स. कृष्णवर्णीय अमेरिकी, गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, बगदादी ज्यू आणि नेपाळी असे सारे एका मंचावर बसत. त्याच सुमारास अमेरिकी लष्कराच्या छावण्यांत गोऱ्या आणि काळ्या सैनिकांची व्यवस्था वेगवेगळी होती. कोलंबिया कंपनीसाठी या संचाने कलकत्त्यात अनेक तबकड्या मुद्रित केल्या, आणि अमेरिकी सैन्याच्या आकाशवाणी सेवेवरून त्यांचे कार्यक्रम प्रसारित होत. व्यापारी जहाजावर काम करणारा जिमी विदरस्पून नावाचा एक तरुण ग्रँडमध्ये येऊन या संचाबरोबर गायला. अमेरिकेत परतल्यावर तो ब्लूज गायक म्हणून नावारूपाला आला.

हॉटेलच्या दाराबाहेरचे कलकत्ता निराळे होते. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दगावली. भुकेने खंगलेली कुटुंबे खेड्यांतून येऊन चौरंगीच्या पदपथांवर मरत होती आणि काही पावलांवर आत नृत्यसंगीत चालू होते. त्या रात्रींबद्दल वेदरफर्ड यांना काय वाटत होते, हे त्यांच्या तबकड्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. त्यांनी एका अँग्लो-इंडियन तरुणीशी विवाह करून याच शहरात संसार थाटला होता.

पटकी हा कलकत्त्याचा जुना शत्रू. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये या रोगाचा जंतू इथेच ओळखला होता, आणि क्षारयुक्त पाणी शिरेतून देऊन रुग्ण वाचवण्याचे तंत्रही विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात विकसित झाले. तरीही उन्हाळा तापू लागला की साथ दरवर्षी उसळे आणि धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत जाई. वेदरफर्ड यांचे तसेच झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी युरोपातील युद्ध थांबले आणि ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. अमेरिकी सैनिक जहाजे भरून घरी निघाले. रुग्ण वाचविणारी साधी मीठ-साखरेच्या पाण्याची पद्धत व्यापक प्रमाणावर वापरली गेली ती १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावण्यांत, ग्रँड हॉटेलपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर.