मिसाओ बाहेर आला नाही

आधुनिक कोरियन कादंबरीचा जनक कोण, असे विचारले की यी ग्वांग-सूचे नाव पुढे येते. आणि परक्या राज्यकर्त्यांपुढे लेखणी वाकवणारा कोरियन लेखक कोण, असे विचारले तरी बहुतेकांच्या ओठांवर तेच नाव येते. एकाच माणसाच्या कपाळी हा मान आणि हा डाग दोन्ही कसे आले? याचे उत्तर राजकारणाच्या इतिहासात शोधतात, ते योग्यच आहे. पण मला त्या उत्तराची सुरुवात एका शाळेच्या नियतकालिकात, आपल्या या वार्षिकासारख्याच पानांत, सापडते.

यी ग्वांग-सूचा जन्म 1892 साली उत्तर प्योंगान प्रांतातील चोंगजू येथे झाला. घरची गरिबी होतीच. त्यात 1902 साली पटकीच्या साथीत आईवडील दोघेही गेले. पोरका झालेला हा बुद्धिमान मुलगा तोंगहाक पंथीयांच्या आश्रयाला लागला आणि 1905 साली त्यांच्याच मदतीने शिक्षणासाठी जपानला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरिया जपानचे संरक्षित राज्य बनले. म्हणजे ज्या देशाने आपले स्वातंत्र्य गिळायला सुरुवात केली, त्याच देशात, त्याचीच भाषा शिकत हा मुलगा वाढत होता.

टोकिओतील मेइजी गाकुइन या मिशनरी शाळेत तो शिकला. यामाझाकी तोशिओ नावाच्या जपानी वर्गमित्राने त्याला टॉलस्टॉयची गोडी लावली. होंग म्योंग-हुई या कोरियन मित्राने बायरनसारख्या बंडखोर कवीची ओळख करून दिली. एकीकडे टॉलस्टॉयचा संयम, दुसरीकडे बायरनचा उन्माद! सतरा वर्षांच्या पोरक्या मनाची या ओढाताणीत काय अवस्था झाली असेल, हे आपल्या वयाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

डिसेंबर 1909 मध्ये शाळेच्या ‘शिरोगाने गाकुहो’ या नियतकालिकात त्याची एक कथा छापून आली. ती जपानी भाषेत होती आणि तिच्याखाली यी बो-ग्योंग हे त्याचे बालपणीचे नाव होते. कथेचे शीर्षक एक प्रश्नच होते : हे प्रेम आहे काय?

कथेचा नायक टोकिओत शिकणारा एक कोरियन मुलगा आहे. लेखकाप्रमाणेच तोही लहानपणी पोरका झालेला. मिसाओ नावाच्या एका जपानी मुलावर त्याचा जीव जडतो. मिसाओ त्याला झिडकारत नाही, पण जवळही घेत नाही. आपले मन पटवण्यासाठी नायक बोट कापून रक्ताने पत्र लिहितो. सुट्टीत मायदेशी जाण्याच्या आदल्या रात्री तो शिबुयातील मिसाओच्या बिऱ्हाडी जातो. घरातली इतर माणसे भेटतात. मिसाओ मात्र बाहेर येत नाही. अपमानाने आणि दुःखाने बेभान होऊन तो मुलगा आगगाडीच्या रुळांवर जाऊन आडवा होतो. वर तारे चमकत असतात आणि त्यांना त्याची काहीच दयामाया नसते.

कथा कच्ची आहे, भावविवश आहे. पण तिच्या तारखेकडे पाहावे. 26 ऑक्टोबर 1909 रोजी आन जुंग-गुन या कोरियन देशभक्ताने हार्बिनच्या स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याला गोळ्या घातल्या होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांत एका कोरियन मुलाने जपानी मुलाच्या प्रेमासाठी झुरण्याची गोष्ट जपानी वाचकांपुढे ठेवली! हा लाचारपणा म्हणावा की धाडस? मला वाटते, तो केवळ खरेपणा होता. ज्याचा राग यायला हवा त्याच्यावरच जीव जडावा, ही अडचण त्याने लपवली नाही.

गंमत अशी, की त्याचा मित्र यामाझाकी यानेही पुढे एक कथा लिहिली आणि तिच्यातील कोरियन विद्यार्थ्याला यी बो-ग्योंग हेच नाव दिले. कोरियन मुलाने जपानी मुलाला कथेत आणले, तसे जपानी मुलानेही कोरियन मुलाला आणले. कागदावर तरी दोन्ही बाजूंनी हाक गेली.

1910 च्या मार्चमध्ये शिक्षण संपवून यी गावी परतला व ओसान शाळेत शिक्षक झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोरिया जपानी साम्राज्यात विलीन केला गेला. त्याच वर्षी रूढीप्रमाणे त्याचे लग्नही झाले. पण पत्नी बेक हे-सुन हिच्यावर त्याचे मन कधी बसले नाही. ज्याने प्रेम न मिळण्याचे दुःख लिहिले, त्याच्याच घरात आता दुसरे कोणी ते दुःख भोगत होते. पुढे क्षयाने आजारी असताना टोकिओत वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या हो योंग-सुक हिने त्याची शुश्रूषा केली. 1918 साली पहिल्या पत्नीशी काडीमोड झाला आणि हो योंग-सुकसह तो पेकिंगला निघून गेला. नव्या विचारांचे लोक याला मुक्त प्रेम म्हणाले. मागे राहिलेल्या त्या स्त्रीने काय म्हटले असेल, याचा विचार मात्र मी टाळू शकत नाही.

यादरम्यान, 1917 साली, ‘मुजोंग’ ही त्याची कादंबरी दैनिकातून क्रमशः आली आणि कोरियन साहित्यात नवे युग सुरू झाले. या शीर्षकाचा अर्थ आहे निर्दय, माया नसलेले. शिबुयाच्या ताऱ्यांची निर्दयता त्याच्या मनातून गेली नव्हती, एवढाच याचा मी अर्थ लावतो.

1919 साली टोकिओतील कोरियन विद्यार्थ्यांनी 8 फेब्रुवारीला स्वातंत्र्याची घोषणा केली. तिचा मसुदा यी ग्वांग-सूचाच होता. मग शांघायला जाऊन त्याने हंगामी सरकारचे वृत्तपत्र चालवले. 1921 साली मात्र तो परतला आणि हळूहळू त्याचा सूर मवाळ झाला. 1937 साली त्याला अटक झाली. त्याच प्रकरणात धरले गेलेले त्याचे गुरुतुल्य नेते आन चांग-हो 1938 साली वारले. त्यानंतर तो पुरता वाकला. 1940 साली त्याने कायामा मित्सुरो हे जपानी नाव घेतले आणि 1943 साली टोकिओला जाऊन कोरियन विद्यार्थ्यांना जपानी सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले.

याच 1940 साली त्याने जपानीत एक कादंबरी लिहायला घेतली. डोंगरावर अपघातात सापडलेल्या जपानी भावंडांना एक कोरियन तरुण वाचवतो. एका घरचे भाऊबहीण दुसऱ्या घरच्या भाऊबहिणीच्या प्रेमात पडतात आणि वाट अखेर युद्धभूमीकडे वळते. एकतीस वर्षांनी मिसाओ जणू बाहेर आला! पण तो आला लष्करी गणवेशात, आणि प्रेमाची किंमत म्हणून त्याने समोरच्याचे नाव, भाषा व देश मागितला. ही कादंबरी अपुरीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर, 1948 साली, आपण हे सारे राष्ट्रासाठीच केले असे त्याने लिहिले. फार थोड्यांना ते पटले. 1949 साली देशद्रोहाच्या चौकशीत त्याला पकडण्यात आले व पुढे सोडले. 1950 च्या युद्धात त्याला उत्तर कोरियात नेण्यात आले आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. घरच्यांना ते कितीतरी वर्षे कळले नाही.

त्याच्या आवाहनानंतर जे तरुण रणांगणावर गेले त्यांच्या बाजूने पाहिले, तर त्याला क्षमा करणे मला जमत नाही. एका मुलाचे न मिळालेले प्रेम हे काही त्या पापाचे समर्थन नव्हे. पण त्याला नुसते भित्रा म्हणून हातावेगळे करणेही मला पटत नाही. सतराव्या वर्षी त्याने विचारलेला प्रश्न खरा होता : जो आपल्याला बरोबरीचा मानत नाही, त्याच्यावर केलेले प्रेम हे प्रेम असते काय? त्या वेळी त्याने फक्त प्रश्न विचारला, म्हणून तो लेखक ठरला. पुढे त्याने होकारार्थी उत्तर दिले, आणि ते इतरांनीही मान्य करावे म्हणून हट्ट धरला. तिथे त्याच्यातला लेखक संपला.