क्षयाशी झुंजणाऱ्या पेशींचा शोधकर्ता

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना पहिल्यांदा कोण अडवते, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकोव्ह. तत्कालीन रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळ १८४५ साली त्यांचा जन्म झाला. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी विवाह केला. क्षयाने त्या इतक्या अशक्त झाल्या होत्या, की विवाहासाठी त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदिरा बेटावर त्यांचे निधन झाले. या आघाताने खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. अशाच पेशी रोगजंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. रक्षणाचे काम रक्तद्रवातील घटकच करतात, असे मानणाऱ्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. क्षयाच्या गाठींतील महाकाय पेशी जंतूंना गिळतात, हे त्यांनी त्याच वर्षी मांडले. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे त्यांचेच शिष्य. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. १९११ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, काल्मिक लोकांमधील क्षयाचा अभ्यास करण्यासाठी ते रशियातील गवताळ प्रदेशात गेले. १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

फुप्फुसातील भक्षकपेशी आपल्या पृष्ठभागावरील संवेदकांच्या साह्याने क्षयजंतूच्या आवरणातील घटक ओळखतात, त्याला गिळतात आणि धोक्याचा संदेश देऊन इतर पेशींना बोलावतात, हे आता ज्ञात आहे. मात्र गिळला गेलेला जंतू पेशीतील पाचकरसांना आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि तिच्यातच दडून राहतो. म्हणूनच क्षयाचे उपचार दीर्घकाळ चालतात. जंतूनाशक औषधांबरोबरच या पेशींना बळ देणारे उपचार शोधण्याचे प्रयत्न आज सुरू आहेत. मेचनिकोव्ह यांनी दाखविलेली वाट अशी अजूनही पुढे जात आहे.