अंधाऱ्या खोलीतली चंद्रकोर : इब्न अल-हैसम

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे लागणाऱ्या जिप्सींमध्ये हल्ली माणसांइतकीच मोठ्या लेन्सचीही गर्दी असते. बांबूच्या बेटातून वाघ बाहेर आला की त्याच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट यावा आणि मागची झुडपे धूसर व्हावीत, यासाठी हा सारा खटाटोप. चंद्रपूर-गडचिरोलीचे हौशी छायाचित्रकार एफ २.८, एफ ४ असे आकडे सहज बोलतात. हे आकडे लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे ॲपर्चरचे. आकडा लहान तितके छिद्र मोठे आणि मागची बाजू अधिक धूसर. छिद्राचा आकार आणि त्यातून पडणारे चित्र यांचे नाते हजार वर्षांपूर्वी प्रयोगाने तपासणारे विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम.

त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास इराकमधल्या बसऱ्यात झाला. नाईलच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे त्यांनी कुठेतरी बोलून दाखवले आणि ते इजिप्तचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानावर गेले, असे जुने चरित्रकार सांगतात. खलिफाने त्यांना कैरोला बोलावले, माणसे दिली, दक्षिणेकडे आस्वानपर्यंत पाठवले. वाटेत प्राचीन इजिप्तची भव्य बांधकामे पाहून ते विचारात पडले. एवढे कसबी लोक इथे होऊन गेले, हे काम शक्य असते तर त्यांनीच ते केले नसते का? नदीचे पात्र पाहून खात्री पटली. ते परतले आणि हे आपल्याने होणार नाही, अशी कबुली दिली.

लहरी खलिफासमोर अशी कबुली देणे जिवावरचे होते. पुढे मिळालेल्या सरकारी कामातही धास्ती संपेना, तेव्हा त्यांनी वेडाचे सोंग घेतले. मालमत्ता गेली, घरातच बंदिवास आला. १०२१ मध्ये अल-हाकिम यांची कारकीर्द संपली, तेव्हाच हे सोंग उतरले. नंतर अल-अझहर मशिदीजवळ राहून ते युक्लिड, टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून विकत आणि त्या कमाईवर गुजराण करत.

त्यांचा सात भागांचा ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्राचा पायाभूत ग्रंथ. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसम यांनी ते नाकारले. वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात शिरतो, तेव्हा दिसते, हे त्यांनी प्रयोग आणि गणिताच्या आधारे मांडले. थोरांचे म्हणणेही तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा त्यांचा बाणा होता. टॉलेमीवरच्या शंकांचे तर त्यांनी वेगळे पुस्तकच लिहिले.

ग्रहणाच्या आकारावरचा त्यांचा छोटा प्रबंध छायाचित्रकारांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. खंडग्रास ग्रहणात सूर्याचा प्रकाश बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागी घेतला, तर समोर उलटी कोर उमटते. छिद्र मोठे करत गेले की कोर पुसट होते आणि शेवटी छिद्राचाच आकार दिसू लागतो. मग चंद्राची कोर अशी का उमटत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. कोरीसाठी छिद्र फार बारीक हवे आणि चंद्राचा क्षीण प्रकाश तेवढ्यातून पुरत नाही, अशा दिशेने त्यांनी उलगडा केला. २६ डिसेंबर २०१९ च्या खंडग्रास ग्रहणात ज्यांनी झाडाखाली पाहिले असेल, त्यांना पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या शेकडो कोरी आठवतील.

इब्न अल-हैसम यांच्या अंधाऱ्या जागेला भिंग नव्हते. ते युरोपात सोळाव्या शतकात बसले. भिंगामुळे फोकसमधला वाघ स्पष्ट राहतो, मागचा प्रत्येक बिंदू मात्र छिद्राच्या आकाराच्या ठिपक्यात पसरतो. म्हणूनच धूसर पार्श्वभूमीत पानांवरची चमक गोल ठिपक्यांसारखी दिसते. ४०० मिमीच्या लेन्सचे एफ ४ वरचे छिद्र १०० मिमी भरते, तर ५० मिमीच्या लेन्सचे त्याच आकड्यावर अवघे साडेबारा. टेलिलेन्सने मागचे जंगल विरघळते ते यामुळे. त्यातही वाघ जवळ आणि झाडी दूर असेल, तर अधिकच.

१०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बाझेलला छापला गेला आणि केप्लरच्या पिढीपर्यंत वाचला गेला. अंधाऱ्या खोलीला केप्लरने लॅटिनमध्ये ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हटले. त्याच ‘कॅमेरा’चा भाऊबंद पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि उर्दूत ‘कमरा’ म्हणून रुळला. इथे कॅमेरा म्हणजे मुळात एक खोलीच. राजाला जे जमणार नाही ते जमणार नाही असे सांगणारा आणि ग्रंथांपेक्षा पुराव्यावर भिस्त ठेवणारा माणूस त्या खोलीत हजार वर्षांपूर्वी उभा होता. रमजानची कोर शोधायला गच्चीवर जाताना त्यांची आठवण व्हायला हरकत नाही.