विश्लेषण : स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या मिल यांनी भारताला अपवाद का ठरवले?

व्यक्तीला तिच्या मर्जीने जगू द्यावे आणि सर्वांना समान वागवावे, या उदारमतवादाच्या दोन मुख्य मागण्या. त्या एकत्र नांदतात की एकमेकींच्या आड येतात, हा वाद जुना आहे. जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) यांनी दोन्ही मागण्या केल्या आणि दोन्हींना मुरडही घातली.

मिल यांची जडणघडण कशी झाली?

जन्म लंडनचा. वडील जेम्स मिल यांनी मुलाला शाळेत घातलेच नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन असा घरचाच अभ्यासक्रम. विसाव्या वर्षी हा मुलगा खोल नैराश्यात गेला. वर्ड्सवर्थच्या कवितांनी त्याला सावरले. माणूस साच्यात घालून घडवता येत नाही, हे त्यांनी पुढे आग्रहाने मांडले, त्यामागे हा अनुभव असणारच. १८२३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत लागले. भारतात धाडायचे खलिते तयार करण्यात ३५ वर्षे गेली, पण भारतात ते एकदाही आले नाहीत.

विवाहाआधी हक्क का सोडले?

हॅरिएट टेलर यांच्याशी त्यांची मैत्री १८३० पासूनची. त्या विवाहित होत्या. पतीच्या निधनानंतर, १८५१ मध्ये दोघांनी लग्न केले. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पत्नीची मालमत्ता आणि कमाई कायद्याने पतीची होई. मिल यांनी लग्नाआधीच लेखी निवेदन करून असे सारे अधिकार नाकारले. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किंमत नव्हती. पण समानता नसेल तर स्त्रीचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते, ही त्यांची भूमिका इथेच स्पष्ट होते. पुढे खासदार झाल्यावर २० मे १८६७ रोजी, योगायोगाने आपल्या वाढदिवशीच, त्यांनी स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती मांडली. बाजूने ७३, विरोधात १९६ मते पडली.

मग समानतेची भीती कशाची?

हॅरिएट १८५८ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी ‘ऑन लिबर्टी’ प्रसिद्ध झाले. दुसऱ्याला इजा होत नसेल तर व्यक्तीच्या वागण्यात सरकारने वा समाजाने जबरदस्ती करू नये, हे त्याचे सूत्र. मिल यांना राजापेक्षा बहुमताचा धाक मोठा वाटे. फ्रेंच विचारवंत टॉकव्हिल यांनी अमेरिकेविषयी लिहिलेले त्यांनी बारकाईने वाचले होते. सगळे सारखे झाले की वेगळा विचार करणारा चिरडला जातो, ही ती धास्ती. त्यावर १८६१ मध्ये त्यांनी सुचवलेला उपाय मात्र आज पचणार नाही : शिकलेल्यांना एकाहून अधिक मते आणि निरक्षरांना मतच नाही.

भारताचे काय?

स्वातंत्र्याचे तत्त्व अज्ञान मुलांना आणि ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही, असे मिल यांनी त्याच पुस्तकात नमूद केले. सुधारणा हा हेतू असेल तर तिथे हुकूमशाहीही त्यांना चालत होती. भारत त्यांच्या लेखी याच वर्गात मोडे. कंपनीचा कारभार काढून घेण्याची वेळ आली तेव्हा तिच्या बचावाचा अर्ज त्यांनीच लिहिला.

अपवाद ठरवलेल्या याच देशात त्यांचे वाचक तयार झाले. पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिल आणि स्पेन्सर यांची छाप होती. १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारक’मध्ये ती दिसते. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षे करणारे विधेयक आले, तेव्हा हाच पेच मराठी वृत्तपत्रांत रंगला. परक्या सरकारने रूढींत हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली; त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याचा प्रश्न आधी त्या मुलीचा होता.