बंदिवान सावरकर व त्यांचे दयेचे अर्ज

आपल्या अकोले तालुक्याच्या सीमेस लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात भगूर नावाचे गाव आहे. तेथे २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म झाला. त्यांचे समग्र चरित्र या लहानशा लेखात मावणारे नाही. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या मनुष्याने आपले मन पालटले आहे हे राज्यकर्त्यांस कसे पटवावे, एवढाच प्रश्न विद्यार्थ्यांनी येथे ध्यानी घ्यावा.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्यांपैकी होते, असा आरोप आला. राजद्रोही कट व खुनास साहाय्य अशा दोन खटल्यांत त्यांस दोन जन्मठेपी झाल्या. दोन्ही मिळून ५० वर्षे! तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानच्या तुरुंगात पोहोचले. काथ्या कुटणे व घाण्यास जुंपून तेल काढणे ही तेथील कामे होती.

सरकारकडे दयेचा अर्ज करण्याची वाट बंद्यांस खुली होती. सावरकरांचा १९११ सालचा अर्ज फेटाळला गेला. १९१३ च्या नोव्हेंबरात गृहखात्याचे सभासद सर रेजिनाल्ड क्रॅडॉक अंदमानास आले असता त्यांनी पुन्हा अर्ज दिला. आपण आता सनदशीर मार्ग पत्करला असून सरकारशी एकनिष्ठ राहू, असे त्यात लिहिले होते. परंतु या अर्जात पश्चात्ताप दिसत नाही, केवळ मत बदलल्याचे दाखविले आहे, असा शेरा क्रॅडॉक यांनी मारला. पुढे १९१७ साली सर्व राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी करताना, आपले नाव वगळूनही इतरांस सोडावे, असे सावरकरांनी लिहिले. १९१९ च्या अखेरच्या राजघोषणेनंतर अनेक राजबंदी सुटले; सावरकर बंधू मात्र आतच राहिले. १९२० साली त्यांनी पुन्हा अर्ज केला. त्याच वर्षी गांधीजींनीही दोघा बंधूंच्या सुटकेचा पक्ष आपल्या पत्रातून मांडला.

दरम्यान सावरकरांनी निरक्षर बंद्यांस लिहावयास-वाचावयास शिकविले व तुरुंगात ग्रंथसंग्रह वाढविण्याची खटपट केली. १९२१ साली त्यांस हिंदुस्थानात आणले गेले आणि ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून त्यांची सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही व पाच वर्षे राजकारणात पडावयाचे नाही, अशा अटी होत्या. ही मुदत वारंवार वाढविली गेली. बंधने उठली ती १९३७ साली. त्या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य केले. सर्व जातींस खुले असे पतितपावन मंदिर १९३१ साली तेथे उभे राहिले. १९४८ साली गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात ते आरोपी होते. १९४९ साली न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या अर्जांस कोणी शरणागती म्हणतात, कोणी सुटकेची युक्ती. हा वाद आजही मिटलेला नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांपुढेही कागद व वर्तन एवढीच साधने होती. अंतःकरण कोणास वाचता येत नाही. म्हणूनच सरकारने अखेर दार उघडले, पण विश्वास न ठेवता अटी घातल्या. गमावलेला विश्वास परत मिळविणे किती दुष्कर असते, हे या चरित्रावरून सर्वांनी ओळखावे.