लाटांवरचा स्वार
कुंभिवलीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावातील मुलांना समुद्राची लाट क्वचितच दिसते. हवाई बेटांवरील मुले मात्र फळीवर उभी राहून लाटेवर स्वार होतात. अशा बेटावर १८९० साली ड्यूक कहानामोकू यांचा जन्म झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

१४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मच्छीमारीची एक नौका उलटली. खवळलेल्या समुद्रात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात गळून जातात. मग बुडणाऱ्याला ओढून आणावे कसे? ड्यूक फळीवर पालथे पडून, हातांनी पाणी कापीत पुन्हा पुन्हा तेथवर गेले. त्यांनी आठ जणांना वाचविले व त्यांच्या सोबत्यांनी चौघांना. सतरा जण बुडाले. पुढे किनाऱ्यावरील जीवरक्षकही अशी फळी वापरू लागले.

१९६८ मध्ये ड्यूक निवर्तले. त्यांची रक्षा वाइकिकीच्या समुद्रातच विसर्जित करण्यात आली.