मुक्तिसदनाची माउली

इ. स. १८९६ साली पावसाने दगा दिला आणि त्या वेळच्या मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. अन्नाच्या शोधार्थ माणसे घरदार सोडून निघाली. आईबापांवाचून पोरक्या झालेल्या मुली रस्तोरस्ती भटकू लागल्या. ही वार्ता पुण्यास पंडिता रमाबाईंच्या कानी आली आणि त्यांचे चित्त व्याकुळ झाले.

दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले; आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले आणि आई, वडील व थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी शेकडो कोस पायपीट केली. कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून एकदा नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून त्यांत त्यांनी रात्र काढली.

पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. विवाह झाला, कन्या मनोरमा झाली. पण १८८२ साली पतीचे निधन झाले. विलायतेत असताना १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अनेक स्वकीय त्यामुळे दुरावले. तरी आपल्या अंतःकरणास पटलेली वाट त्यांनी सोडली नाही. १८८९ साली विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले.

आता दुष्काळाची हाक आली. पण जावे कसे? सदनाचा खर्च अमेरिकेतील स्नेह्यांच्या मदतीवर चाले. ही मदत दहा वर्षांपुरती होती आणि ती मुदत सरत आली होती. नव्या मुली आणाव्यात तर त्यांना खाऊ काय घालावे? न आणाव्यात तर त्यांचे काय होईल? एकीकडे हिशेबाची वही, दुसरीकडे वाळूच्या खड्ड्यातील ती रात्र! रमाबाईंनी प्रार्थनेत ईश्वरापुढे आपले मन मोकळे केले. आपणांस दुष्काळातून ज्याने वाचविले, त्याने ते याच कार्यासाठी वाचविले असावे, असे त्यांना वाटू लागले. हाती पैसा येईपर्यंत थांबावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला.

दुसऱ्या कोणास न धाडता त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, भेदरलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. अशा सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आश्रय दिला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली. तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर या मुलींची सोय करण्यात आली. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. येथे मुली लिहावाचावयास, शिवावयास, विणावयास, शेती करावयास व छापखाना चालवावयास शिकल्या. अंध मुलींनाही शिक्षण मिळाले.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्वसामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२१ साली मनोरमेचा मृत्यू झाला. तो आघात सोसूनही त्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, प्रार्थना केली म्हणून रमाबाईंचे कष्ट टळले नाहीत, की पैशांची चिंता मिटली नाही. कोणत्या वाटेने जावयाचे, एवढे मात्र त्यांना कळले. आणि ते कळताच त्या चालू लागल्या.